सोळाव्या वर्षी युरोप गाठायचं, की आधी इथे मिनिटं मिळवायची?

प्रश्न थोडक्यात असा. मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहणारं मराठी कुटुंब, मुलगा सोळा वर्षांचा, एका एनपीएल (नॅशनल प्रीमियर लीग, इथली राज्य पातळीवरची लीग) क्लबच्या सोळा वर्षांखालील संघात विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चढाई करणारा. एका ‘एजंट’ने पोर्तुगालमधला वर्षभराचा कार्यक्रम सुचवला आहे: राहणं, सराव, क्लबांपुढे ट्रायल, सगळं मिळून अठरा हजार डॉलर. व्हीसीई (इथली अकरावी-बारावी) मध्येच सोडून त्याला जाऊ द्यावं का, आत्ता गेला नाही तर उशीर होईल का, आणि युरोपात जमलं नाही तर भारताकडून खेळता येईल का, असं वडिलांनी विचारलं आहे.

मी इथे बरीच वर्षं युवा संघांना शिकवतो. मुलं परदेशी जातात, काही टिकतात, काही दीड-दोन हंगामांत परत येतात, आणि परत आली की बहुतेकदा आमच्यासारख्यांच्याच दारात उभी राहतात. मूळचा कोल्हापूरचा असल्यामुळे फुटबॉलचं वेड म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला नको. तरी उत्तर रोखठोक देतो: हा कार्यक्रम घेऊ नका. पण कारणं पूर्ण वाचा, कारण परदेशी जाऊच नका असं मी म्हणत नाहीये.

तुम्ही विचारताय ‘कधी जावं’. मी आजवर जे पाहिलं त्यात करिअर घडतं की विस्कटतं ते दुसऱ्याच एका गोष्टीवर: सतरा ते एकवीस या वयात मुलगा प्रौढांच्या, निकाल महत्त्वाचा असलेल्या सामन्यांत किती मिनिटं खेळला. अकादमीचं नाव, जर्सीवरचं बोधचिन्ह, सरावाच्या मैदानाची हिरवळ हे सगळं त्यानंतर. परत आलेल्या मुलांचं चेंडूवरचं कौशल्य क्वचितच कमी असतं. त्यांना शनिवारी खेळायला मिळालेलं नसतं, एवढंच. सलग दोन हंगाम फक्त सराव करणारा विंगर निर्णय घ्यायला अर्धा क्षण उशीर करू लागतो आणि तो अर्धा क्षण परत मिळवायला वर्ष जातं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. मी मुलाचा खेळ पाहिलेला नाही. त्याची शारीरिक वाढ पूर्ण झाली आहे की अजून उंची वाढते आहे, घरापासून लांब राहण्याचा त्याचा स्वभाव आहे का, हे तुम्हालाच माहीत. पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट येते आणि ती पालक सर्वांत शेवटी विचारतात: त्याच्याकडे पासपोर्ट कुठला आहे?

याचं जुनं उदाहरण आमच्याकडे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. 1990च्या दशकाच्या मध्यात सिडनीची दोन मुलं लीड्स युनायटेडमध्ये ट्रायलला गेली, हॅरी क्युएल आणि ब्रेट इमर्टन. दोघंही क्लबला आवडले. क्युएलचे वडील इंग्लिश, त्यामुळे तो राहू शकला आणि 1996 मध्ये सतराव्या वर्षी लीड्सच्या पहिल्या संघात उतरला. इमर्टनला व्हिसा मिळण्यासारखा नव्हता, तो घरी परतला. सिडनी ऑलिम्पिककडून इथल्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळत राहिला, 2000 मध्ये नेदरलँड्सच्या फेयेनूर्डला गेला, 2003 मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्नला, आणि तिथे आठ वर्षं टिकला. क्युएल 2005 मध्ये लिव्हरपूलबरोबर चॅम्पियन्स लीग जिंकला, त्यामुळे गोष्ट त्याची सांगतात. मला इमर्टनची जास्त उपयोगी वाटते. दार बंद झालं म्हणून तो संपला नाही. घरी परतल्यावर त्याला मोठ्यांमध्ये नियमित खेळायला मिळालं आणि पुढचा क्लब त्याने त्या खेळावर मिळवला.

आज नियम त्याहून कडक आहेत. फिफाच्या नियमांनुसार अठरा पूर्ण होण्याआधी खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी करता येत नाही. मोजके अपवाद आहेत. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात स्थलांतरित झाले असतील तर, किंवा मुलाकडे युरोपीय संघातल्या देशाचं नागरिकत्व असेल तर सोळापासून, ठरावीक अटींवर. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून इंग्लिश क्लबना परदेशातला खेळाडू अठराच्या आत घेता येत नाही, आणि अठरानंतरही परवान्यासाठी गुणांची पद्धत आहे. राष्ट्रीय संघाचे सामने, कुठल्या दर्जाच्या लीगमध्ये किती मिनिटं खेळला, यांवर गुण मिळतात. म्हणजे बघा, इंग्लंडचं दारसुद्धा मिनिटंच मोजतं.

तेव्हा तुमच्या मुलाकडे फक्त ऑस्ट्रेलियन पासपोर्ट असेल, तर पोर्तुगालचा कुठलाही व्यावसायिक क्लब त्याला आज नियमात राहून सहसा नोंदवूच शकणार नाही. मग त्या अठरा हजारांत काय मिळतं? वसतिगृह, खासगी सराव, आणि स्थानिक मुलांबरोबर किंवा तुमच्यासारख्याच पैसे भरून आलेल्या मुलांबरोबर मैत्रीपूर्ण सामने. एखाद्या मोठ्या क्लबच्या मैदानावर फोटो निघतो. क्लासची फी भरली म्हणून आयआयटीत प्रवेश मिळाला, असं समजण्यातला हा प्रकार आहे.

इथे एक पोटप्रश्न, कारण तुम्ही मराठी आहात. घरात कुणी गोव्याचं आहे का? 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग राहिलेला आहे. ऑस्ट्रेलिया दुहेरी नागरिकत्व चालवून घेतं. मुलाची आजी म्हापशाची निघाली तर सगळं गणित बदलतं. कागदपत्रांना वेळ लागतो आणि पोर्तुगालचे नियमही बदलत असतात, म्हणून हे एजंटला विचारू नका, तिथल्या वकिलाला विचारा. एजंटपेक्षा वकिलावर केलेला खर्च सत्कारणी लागेल.

एजंटबद्दल थोडक्यात. 2023 पासून एजंटला फिफाची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो आणि परवानाधारकांची नावं फिफाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. अल्पवयीन खेळाडूशी बोलायचं तर पालकांची लेखी परवानगी लागते आणि त्यासाठी वेगळं प्रशिक्षणही घेतलेलं असावं लागतं. खऱ्या एजंटचं उत्पन्न खेळाडूच्या कराराच्या टक्केवारीतून येतं. ट्रायलसाठी पालकांकडून पैसे घेणारा माणूस प्रवासी कंपनी चालवतो आहे असं समजा. तोही कायदेशीर धंदा असू शकतो, पण मग त्याला एजंट म्हणू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, ‘उशीर होईल का’. माझ्या मते या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर एरन मूय आहे.

मूय सिडनीचा, जन्म 1990. किशोरवयातच इंग्लंडला बोल्टनच्या अकादमीत गेला. बोल्टन तेव्हा प्रीमियर लीगमध्ये होता, म्हणजे तुमच्या मुलाला जे स्वप्न दाखवलं जातंय त्यापेक्षा कितीतरी मोठी जागा. बोल्टनच्या पहिल्या संघाकडून त्याला लीगचा एकही सामना मिळाला नाही. मग स्कॉटलंडमध्ये सेंट मिरन, दोन हंगाम, कधी संघात तर कधी बाहेर. 2012 मध्ये, बाविशीच्या आत, तो परत आला. इथल्या पालकांच्या भाषेत ‘फेल होऊन परत आला’. त्या वर्षी नव्यानेच सुरू झालेल्या वेस्टर्न सिडनी वॉंडरर्समध्ये दोन हंगाम, मग 2014 मध्ये मेलबर्न सिटी. मेलबर्न सिटीत तो मधल्या फळीचा मालक झाला: प्रत्येक आठवड्याला पूर्ण नव्वद मिनिटं, फ्री किक त्याच्या, कॉर्नर त्याचे, खेळाचा वेग तो ठरवणार. मी तेव्हा आमच्या मुलांना त्याचे सामने पाहायला लावायचो, चेंडू येण्याआधी तो किती वेळा मान वळवतो ते मोजायला सांगायचो.

2016 मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं (मेलबर्न सिटी त्याच समूहाच्या मालकीचा आहे) आणि लगेच इंग्लंडमधल्याच हडर्सफील्डला लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना, पाठवलं. तेव्हा तो पंचविशीचा होता. हडर्सफील्ड 2017 मध्ये वेम्ब्लीवर रीडिंगला पेनल्टींवर हरवून प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. त्या पेनल्टींपैकी एक मूयची. पुढच्या हंगामात त्याने न्यूकॅसलविरुद्ध विजयी गोल केला आणि ऑक्टोबरमध्ये मँचेस्टर युनायटेडला हरवताना पहिला गोलही त्याचाच. पुढे ब्रायटन, मग चीनमध्ये शांघाय, मग सेल्टिक. तिथे 2022-23 च्या हंगामात तिन्ही देशांतर्गत करंडक जिंकून बत्तिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला.

ह्या करिअरमध्ये महत्त्वाचा भाग कुठला, असं विचारलं तर बहुतेक जण हडर्सफील्ड म्हणतील. मी म्हणेन 2012 ते 2016. सोळाव्या-सतराव्या वर्षी परदेशी जाऊन त्याला जे मिळालं नाही, ते घरी परतून मिळालं: चूक करूनही पुढच्या आठवड्यात संघात असण्याची खात्री. शिवाय दुसऱ्यांदा गेला तो थेट खेळायला गेला. पहिल्यांदा तो कुणाला तरी आवडायला गेला होता.

उलट बाजू पाहायची तर डॅनियल अर्झानी. 2018 च्या विश्वचषकातला सर्वांत तरुण खेळाडू, तोही विंगर. मेलबर्न सिटीमधला जेमतेम एक भरगच्च हंगाम मागे होता, आणि त्या ऑगस्टमध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेऊन सेल्टिकला लोनवर दिलं. सेल्टिककडून पहिल्याच सामन्यात, ऑक्टोबर अखेरीस डंडीविरुद्ध, गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला. दुखापतीला कुणी दोष देऊ शकत नाही. पण त्यानंतर वेगवेगळ्या देशांत लोन, प्रत्येक ठिकाणी नवा प्रशिक्षक, नवी भाषा, आणि प्रत्येकाच्या लेखी तो दुसऱ्याचा खेळाडू. ज्याच्यात आपल्या क्लबची गुंतवणूक नाही, त्याला खेळवून सुधारण्याची घाई कुणाला असते? मोठ्या क्लबने घेतलं ही बातमी घरी पेढे वाटण्यासारखी असते, हे मान्य. पण करारावर सही करण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: या जागेवर आत्ता कोण खेळतो आणि त्याचा करार कधी संपतो?

नेस्टोरी इरानकुंडाचंही बघा. ॲडलेड युनायटेडमध्ये कोवळ्या वयात गाजला, 2024 च्या मध्यात बायर्न म्युनिकला गेला. बायर्नकडून बुंडेसलिगात एकही सामना न खेळता जानेवारी 2025 मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्रासहॉपर्सला लोनवर, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये वॉटफर्डला. वॉटफर्ड दुसऱ्या श्रेणीत, पण तिथे खेळायला मिळतं. मला हे पाऊल मागचं वाटत नाही, बायर्नपेक्षा शहाणपणाचं वाटतं. जॉर्डन बॉस मात्र सुरुवातीपासून सरळ चालला. मेलबर्न सिटी, 2023 मध्ये बेल्जियमचा वेस्टर्लो, दोन हंगाम नियमित खेळ, 2025 मध्ये फेयेनूर्ड. वेस्टर्लोचं नाव मेलबर्नमधल्या किती मराठी घरांत कुणी ऐकलं असेल? पण आज एखाद्या अठरा-एकोणीसच्या मुलाला कुठे पाठवावं असं मला विचारलं, तर मी असंच नाव शोधेन: मध्यम क्लब, तरुणांना खेळवून विकणं हाच ज्यांचा धंदा.

(स्कॉटलंडची एक सोय वेगळी सांगतो. भाषा कळते, सामना अंगावर येतो, आणि ऑस्ट्रेलियन मुलांची तिथे परंपरा आहे. टॉम रोगिच सेल्टिकमध्ये नऊ वर्षं राहिला. 2017 च्या स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात भरपाई वेळेतला त्याच्या विजयी गोलाचा विषय ग्लासगोत अजून निघतो. विंगरला मात्र तिथे लाथा भरपूर खाव्या लागतात.)

युरोप सोडून आशिया हाही रस्ता आहे आणि इथले पालक त्याकडे नाक मुरडतात. ऑस्ट्रेलिया 2006 पासून आशियाई महासंघात आहे, त्यामुळे आशियाई लीगांमध्ये आशियाई खेळाडूसाठी राखीव जागांचा आमच्या मुलांना वर्षानुवर्षं फायदा झाला. सासा ओग्नेनोव्स्की तिशीच्या उंबरठ्यावर कोरियात सोंगनामला गेला आणि 2010 मध्ये कर्णधार म्हणून आशियाई चॅम्पियन्स लीग जिंकून आशियाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. भारतातही ते दिसलं. टिम केहिलने शेवटचा हंगाम जमशेदपूरकडून खेळला, मुंबई सिटीत रॉस्टिन ग्रिफिथ्स होता, आणि ए-लीगच्या (ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च लीगच्या) इतिहासात सर्वाधिक गोल करणारा जेमी मॅक्लारन 2024 मध्ये मोहन बागानला गेला. पण नीट बघा, हे सगळे आधी दुसरीकडे नाव करून गेलेले. सोळाच्या मुलासाठी आयएसएल (इंडियन सुपर लीग) हा पर्याय नाही. शिवाय 2025-26 चा हंगाम व्यावसायिक हक्कांच्या घोळात वेळेवर सुरूसुद्धा झाला नाही, हेही लक्षात ठेवा.

आता भारताकडून खेळण्याचं. सध्याच्या नियमानुसार ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणाऱ्या) कार्डावर भारताच्या राष्ट्रीय संघात खेळता येत नाही, भारतीय पासपोर्टच लागतो, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. रायन विल्यम्सने ही किंमत मोजली. पर्थमध्ये 1993 साली जन्मलेला, आईचं घराणं मुंबईचं अँग्लो-इंडियन, आजोबा लिंकन ग्रोस्टेट 1950च्या दशकात संतोष ट्रॉफी या राष्ट्रीय स्पर्धेत मुंबईकडून खेळलेले. रायन किशोरवयात पोर्ट्समथला गेला, 2012 मध्ये फुलहॅमने घेतला, तिथून लोनवर फिरला, आणि पाय रोवले ते बार्न्सली, रॉदरहॅम, पुन्हा पोर्ट्समथ, ऑक्सफर्ड अशा दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या क्लबांत. 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला. 2022 मध्ये घरी पर्थ ग्लोरी, 2023 मध्ये बेंगळुरू एफसी, आणि 2025 मध्ये ऑस्ट्रेलियन नागरिकत्व सोडून भारतीय पासपोर्ट. दहा-बारा वर्षं इंग्लंडमध्ये पोटापाण्याचा फुटबॉल खेळून, बेंगळुरूत स्थिरावून, बत्तिशीत घेतलेला तो निर्णय आहे. सोळाच्या मुलाच्या वतीने आईवडिलांनी तो ‘दुसरा पर्याय’ म्हणून खिशात ठेवू नये. ऑस्ट्रेलियन पासपोर्ट सोडला की आशियाई आणि युरोपीय क्लबांशी व्यवहाराची समीकरणंही बदलतात.

मग करायचं काय? व्हीसीई सोडू नका. ती दोनऐवजी तीन वर्षांत विभागून करता येते. शाळेशी बोला, खेळाडूंसाठी शाळा हे बऱ्यापैकी करतात. क्लबला स्पष्ट विचारा की पुढच्या वर्षी त्याला वरिष्ठ संघाबरोबर सराव मिळेल का आणि राखीव संघात मोठ्यांविरुद्ध खेळवणार का. उत्तर ‘बघू’ असेल तर क्लब बदला, खालच्या विभागातला चालेल. एनपीएलची वार्षिक फी दोन-तीन हजार डॉलरच्या घरात जाते हे मला माहीत आहे. तेवढे पैसे देऊन समवयस्कांमध्ये चषक जिंकण्यापेक्षा, तिशीतल्या एखाद्या प्लंबरने खांद्याने बाजूला ढकललं तरी चेंडू कसा ठेवायचा, हे सतराव्या वर्षी शिकणं विंगरला जास्त कामाचं. ए-लीग क्लबच्या अकादमीची ट्रायल प्रत्येक वर्षी द्या.

एक कागदी काम आजच सुरू करा. बाराव्या वर्षापासून तो कुठल्या क्लबमध्ये कधी ते कधी नोंदलेला होता याची यादी तारखांसह ठेवा. पहिला व्यावसायिक करार परदेशात झाला तर नव्या क्लबला त्याला घडवणाऱ्या क्लबना प्रशिक्षण-भरपाई द्यावी लागते, आणि पुढे पैसे देऊन बदली झाली तर रकमेतला पाच टक्के हिस्सा बारा ते तेवीस या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. ‘मुलगा फुकटात मिळतोय’ असं एजंट परदेशी क्लबला सांगतो तेव्हा तो क्लब हा हिशेब आधीच करून बसलेला असतो, आणि कधीकधी त्यामुळेच होकार अडतो. पालकांना हे शेवटी कळतं.

अठरा पूर्ण झाल्यावर, मागे मोठ्यांचा एक तरी पूर्ण हंगाम असताना, कुणी लेखी बोलावलं तर जरूर पाठवा, माझ्याकडून शुभेच्छाही कळवा. तेव्हाही तिकिटाचे पैसे क्लब देतो का ते पाहा.

या एजंटला आज तीन ओळींचा ईमेल करा: तुमचा फिफा परवाना क्रमांक काय, मुलाची नोंदणी पोर्तुगालमधल्या कुठल्या क्लबकडे आणि कुठल्या अपवादाखाली होणार, आणि मागच्या वर्षी गेलेल्या मुलांपैकी आज कोण कुठे नोंदलेला आहे. आलेलं उत्तर, मुलाचं नाव काढून, इथेच टाका. वाचून सांगतो.